फक्त वाचण्यापुरती

नर्सबाईंनी निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून टाइप केलेल्या आठवणींची फाइल नव्या कॉम्प्युटरवर काही केल्या उघडेना. "तुम्हाला परवानगी नाही," एवढंच पडद्यावर येई. "मीच लिहायचं आणि मलाच परवानगी नाही?" त्या फणकारल्या. सुनेनं सेटिंग्ज उघडली आणि तिला हसू फुटलं. जुना कॉम्प्युटर लावताना सासऱ्यांनी घरातल्या प्रत्येक फाइलची मालकी स्वतःकडे ठेवली होती. हेडक्लार्कच ते, बायकोच्या पत्रांतही लाल पेनानं चुका काढायचे. "आई, मालक म्हणून आता कोणाचं नाव घालू?" कोपऱ्यातली सासऱ्यांची आरामखुर्ची खाकरली. "माझं!" नर्सबाई म्हणाल्या. "बाकी सगळ्यांना बंद." फाइल उघडली. त्या सुखानं वाचत बसल्या. तासाभरानं हेडक्लार्क कागद पुढे करून उभे राहिले: 'विषय: आठवणी वाचण्याची परवानगी मिळणेबाबत.' नर्सबाईंनी त्यांच्याच खिशातलं लाल पेन काढून शेरा मारला: 'मंजूर. फक्त वाचण्यापुरती. खाडाखोड नको.'