पांढऱ्या रंगातला केस

स्वयंपाकघरातल्या कपाटांना नवऱ्याच्या पहिल्या बायकोने स्वतः वॉर्निश दिलं होतं. ती वारली, वॉर्निश मात्र चकाकत राहिलं. "काय सुरेख हात होता तिचा!" नवरा येता-जाता म्हणायचा, आणि दुसरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी तिने कंबर कसली. दारं उतरवली, सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढला आणि सँडपेपर घेऊन घासायला बसली. एका दारावर, मुठीजवळ, वॉर्निशखाली एक लांब केस अडकलेला दिसला.

"बघा, सुरेख हाताचं काम!" तिने नवऱ्याला दाखवलं.

त्या केसावरून त्याने हळूच बोट फिरवलं.

मग तर तिने खालचं लाकूड उघडं पडेपर्यंत घासलं. केस गेला.

प्रायमर वाळला, तर केस तिथेच. ब्रशचा असेल, म्हणून तिने पुन्हा घासला. पांढऱ्या रंगाचा पहिला हात वाळला, तर केस पुन्हा तिथेच, आणि आता चांगला वीतभर लांब. तिचे स्वतःचे केस जेमतेम कानापर्यंत होते.

दुसरा हात ओला असतानाच केसाचं टोक रंगातून वर आलं. तिने ते नखांच्या चिमटीत धरलं, ओठ घट्ट मिटले आणि जोरात हिसका दिला.

"आई गं!"

तिचे ओठ मिटलेलेच होते.

"लागलं का गं, राणी?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने कळवळून विचारलं.

लग्नाला चार वर्षं झाली होती. त्याने तिला राणी म्हणून कधीच हाक मारली नव्हती.