बांधावरचा राजा

कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादहीची पूजा करायला वच्छला सासू पार्बताबाईसोबत वावरात आली. बांधावरच्या जुन्या दगडावर हत्तीच्या पायाखाली मेलेला राजा कोरलेला होता. दही वाहण्याआधी तिनं दगड धुतला आणि तिचा हात थांबला.

कोरलेला राजा आता हत्तीवर बसला होता.

"आत्याबाई, हा राजा लढाईत मेला होता ना?"

"कोन म्हन्ते? त्याच्याच घराण्याचं राज्य हाये अजून."

सासू थट्टा करते की काय?

"मंग हे अमरावतीले कोन्या इंग्रज सायबाले मागच्या सालचा कापूस इकाले गेले?"

"इंग्रज कोन? अन् हे म्हंजे कोन?"

वच्छलानं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं. "चंद्रभान. तुमचा लेक."

पार्बताबाई तिच्या मंगळसूत्राकडे संशयानं बघत मागं सरकली.

"मले तं लेकरूच झालं नाई, बाई."