दुसरं मत

"छातीचा स्कॅन करावा," संगणकाच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"काही गरज नाही," डॉक्टर म्हणाले आणि समोर बसलेल्या शिवणवाल्या बाईंकडे वळले. "धास्ती घेतलीये तुम्ही, दुसरं काही नाही. कार्डिओग्राम काढा आणि घरी जाऊन स्वस्थ झोपा."

बाईंच्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. पोटरी सुजून टम्म झाली होती आणि बोलतानाही धाप लागत होती. शेजारच्या टेबलावरून डॉक्टरांच्या लेकीने मान वर केली. तीही डॉक्टरच. ती उठली आणि बाईंच्या पाठोपाठ बाहेर गेली.

तिच्याच हट्टापायी हा प्रोग्रॅम दवाखान्यात आला होता. लक्षणं भरली की कोणती तपासणी करायची ते तो सांगायचा. सुरुवातीला त्याचं आणि डॉक्टरांचं छान जमलं. "पठ्ठ्याला कळतंय हं," असं डॉक्टर कौतुकाने म्हणायचे. अलीकडे मात्र रोज खटके उडत. तो एक सांगे, डॉक्टर भलतंच. त्याच्यात काहीतरी बिघडलंय, याबद्दल डॉक्टरांना आता शंका उरली नव्हती. एखाद्या दिवशी हा कुणाच्या तरी जिवावर उठेल, असं ते लेकीला सारखं बजावत.

दुपारी लेक परतली. आत येऊन तिने दार लावून घेतलं.

"बाईंचा स्कॅन केला, बाबा. फुप्फुसात गुठळी होती. थोडक्यात वाचल्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"लागला असेल एखादा नेम," शेवटी ते म्हणाले. "पण बाकीचा घोळ बघ की त्याचा. तू तपासून घेणार होतीस ना त्याला?"

"घेतला. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला."

"मग? काय बिघडलंय?"

"काहीच नाही. बसवला तेव्हा होता तसाच आहे." ती खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसली. "कुणाच्या केसेसवरून शिकवलं आपण त्याला, आठवतंय?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा आठवून पाहिलं.

"तुमच्या, बाबा. फक्त तुमच्या." तिने त्यांचा हात हातात घेतला. "उद्या सकाळी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी येते सोबत."