पीएचडीचे पेढे

"मृण्मयी, तुझी पीएचडी झालीच समज," म्हणत सबनीस सर प्रयोगशाळेत पेढे वाटत सुटले. तिच्या रसायनानं कर्करोग वाढवणारं एन्झाइम बंद पाडलं होतं.

"सर, पण त्याचंच भावंड, आपलं हृदय चालवणारं एन्झाइम, तेही बंद पडलं तर?"

"ते नंतर बघू."

"नंतर म्हणजे पेशंट गेल्यावर?"

सरांनी पेढ्याबरोबर प्रश्नही गिळला. मृण्मयीलाही गप्प बसता आलं असतं. नोकरी, लग्न, सगळं त्या पदवीवर अडलं होतं. तरी तिनं दुपारी दुसरी चाचणी लावली आणि संध्याकाळी रडवेली होऊन आली.

"सर, दोन्ही बंद पडली. गेली माझी पीएचडी."

सरांचा चेहरा मात्र उजळला. "अगं, रडतेस काय? उंदीर मारायचं औषध म्हणून पेटंट घेऊ!"