हिरवी लॉरी

आप्पा लोहाराच्या आवारात पाच लॉऱ्या उभ्या होत्या. पाचही लाल. कोंडीबानं कडेकडेनं चक्कर मारली, छपराच्या मागंही डोकावून पाहिलं आणि परत येऊन धोतराला हात पुसले.

"ठरलं वैनी. हिरवी घ्यायची. लाल गाडी म्हंजे आप्पाचं गिऱ्हाईक."

आप्पा पूर्वी बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. अक्कलकोट रस्त्यावर मोटारी वाढल्या तसे ते मोटारी उघडायला शिकले. सोलापुरात लॉऱ्या दोनच जातींच्या विकायला होत्या, लाल आणि हिरवी. हिरवीच्या एजंटानंच कोंडीबाच्या वैनीला, मुक्ताबाईंना, इकडं धाडलं होतं. "आमची गाडी आप्पाच्या दारात दिसली, तर घेऊ नका," असं छातीवर हात ठेवून तो म्हणाला होता.

सोमवारपासून कुंभारी गावचं दूध शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. बैलगाडीनं आणलं तर या उन्हात ते वाटेतच नासायचं. दवाखान्याचा शब्द मुक्ताबाईंनी घेतला होता आणि त्यांच्या शब्दावर गावातल्या बायांनी दावणीला नव्या म्हशी बांधल्या होत्या. एकदा दूध नासलं की दवाखाना दुसरा गवळी बघणार होता.

"आप्पा, हिरवी खरंच कधी आली न्हाय?"

"नाही अव्वा. खोटं कशाला बोलू? हिरवीचा एक नट अजून या हातानं सोडला नाही."

"ऐका!" कोंडीबा म्हणाला. "आता मास्तरीणबाईंनी पन हूं म्हणावं, म्हंजे निघू."

मास्तरीणबाई म्हणजे अनसूया. मुलींच्या शाळेत ती शास्त्र शिकवायची. तिच्या घरी मुक्ताबाईंचा रतीब होता. यंत्रातलं काही कळेल म्हणून त्यांनी तिला सोबत आणलं होतं. ती मघापासून लॉऱ्यांकडं पाहतच नव्हती. लॉऱ्यांमधल्या मोकळ्या जागेकडं पाहत होती.

"आप्पा, सोलापुरात हिरव्या गाड्या किती विकल्या गेल्या असतील?"

"असतील की सात-आठ."

"त्यातल्या रस्त्यावर किती दिसतात?"

आप्पांनी कानामागची विडी काढली. पेटवायची सोडून ते तिच्याकडंच बघत राहिले.

"कधीच न बिघडणारी गाडी इथं दिसणार नाही, हे खरं," अनसूया म्हणाली. "पण बिघडल्यावर जिला इथवर येताच येत नाही, तीही इथं दिसणार नाही. आपल्याला दोन्ही सारख्याच दिसतील."

"बाई, सोपं करून सांगा," कोंडीबा म्हणाला. पण मुक्ताबाईंना कळलं होतं.

"एक लॉरी आमच्या गावच्या ईरम्माच्या बांधाला हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "पार दिवाळीपासनं. कोंबड्या अंडी घालत्यात तिच्यात. भाऊजी, तिचा रंग कंचा?"

कोंडीबानं पायानं माती उकरली. "हिरवाच की."

"आनि वळसंगच्या ओढ्यात बसलीवती ती? तुमच्याच बैलांनी ओढून काढली न्हवं?"

"ती बी हिरवीच." मग त्याला राहवलं नाही. "पर काय जड हुती वैनी! माझं बैल होते म्हणून निघाली."

आप्पा मोठ्यानं हसले. अनसूया हसली नाही.

"एवढ्यावरून हिरवी वाईटच, असं सिद्ध होत नाही. सगळ्या गाड्या शोधून बघाव्या लागतील."

"सोमवार थांबंल व्हय तंवर?" मुक्ताबाई म्हणाल्या. त्या पहिल्या लाल लॉरीजवळ गेल्या. "आप्पा, ही काय होऊन आली?"

"स्प्रिंग तुटली. कातड्याच्या वादीनं बांधून आणली."

"आनि ही?"

"पाण्याची टाकी गळती. ड्रायव्हर दर विहिरीवर पाणी पाजत आला."

"पलीकडची?"

"ती तर निम्म्या इंजिनावर आली, खोकत. अव्वा, लाल गाडी मोडते. मी नाही म्हणणार नाही. माझं पोट तिच्यावरच आहे."

"मोडली तवा माल कुटं होता?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "माल? माल उतरवूनच येतात की. भरल्या गाडीनं लोहाराकडं कोण येतंय?"

मुक्ताबाईंनी पदर खोचला. "झालं तर मग. चला भाऊजी, लालवाल्याकडं."

"म्हंजे मोडनारी गाडी घ्यायची?" कोंडीबाचा आवाज चढला. "बैल घेताना तू धा खोडी बघतीस की!"

"मग! लंगडा बैल घरी येतोय भाऊजी. बसका बैल वाटंतच बसतोय. आप्पा, सोमवारी दूध उतरवलं की गाडी हितं आनते. बरी असली तरी आनते. आठवड्याला एकदा बघत जावा."

"बरी गाडी काय बघायची?"

"म्हशीला रोज बघतोच की आपुन."

मुक्ताबाई लालवाल्या एजंटाच्या दुकानाकडं निघाल्या, तेव्हा त्यांच्या मागं चालताना कोंडीबाला पावलं लांब टाकावी लागली. अनसूया जरा मागं रेंगाळली. आप्पांनी आता विडी पेटवली होती. कडुनिंबाखाली पडलेल्या जुन्या धावा त्यांनी एकेक करून उचलल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि एका लॉरीपुरती सावली मोकळी केली.