दोन इंच

"पाच फूट पाच?" खिडकीतल्या बाईंनी फॉर्मवरून नजर वर केली. "वाटत नाही गं."

"तेवढीच आहे," ती म्हणाली.

"तू आलीस तेव्हा मला वाटलं, चला, आज एक तरी सापडली! पण आमच्याकडे मॉडेल पाच फूट सातच्या खाली घेत नाहीत. हा फॉर्म आत पाठवला तर माझीच खरडपट्टी निघेल."

"एकदा आत सोडा ना. चालून दाखवते. दोनच मिनिटं."

"दोन मिनिटं देईन मी. दोन इंच कुठून देऊ?"

फॉर्म परत आला. हा सहावा.

जिन्यात मैत्रिणीनं तिला फैलावर घेतलं. "अगं येडे, सरळ सात लिहायचं! कोण बघतंय?"

"आत मोजतात."

"मोजतील तेव्हा मोजतील!"

पण ते तिला जमणारं नव्हतं. शिंप्याची मुलगी होती ती. माप खोटं लिहायचं नाही, हे बाबांनी तिला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

बाबांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. दोन मशिनं, कडेला लाकडी पट्टी ठोकलेलं कापायचं टेबल, आणि बाबांच्या गळ्यात कायम पिवळा टेप. शिवण चांगलीच होती, पण नाव होतं ते रफूचं. सिगारेटनं भोक पडलेला कोट आणून द्यावा, आणि परत घेताना भोक कुठे होतं ते मालकानंच शोधत बसावं!

"काय म्हणाले?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"दोन इंच."

"मरू देत. त्यांना उंट हवेत, माणसं नकोत." ती हसली नाही. मग बाबा उठले. "ये, बघू वाढलीस का."

दर सहा महिन्यांनी हे ठरलेलं. आतल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून ती उभी राहायची. गळ्यातला टेप गिऱ्हाइकांचा. तिच्यासाठी बाबा ड्रॉवरमधला जुना, मळकट टेप काढायचे. तो तिच्या आईचा. आई गेल्यावर लेकीचं माप त्यानंच घ्यायचं, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

डोक्यावर पट्टी, पेन्सिलीची रेघ, मग जमिनीपासून टेप. साठ इंचांवर तो संपला की तिथं बोट धरून वरचं पुन्हा मोजायचं. साठ आणि पाच.

"पासष्ट."

"नीट बघा ना, बाबा."

"तूच बघ."

तिनं वाकून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. साठ आणि पाच. केसभरही जास्त नाही.

"सगळे म्हणतात मी उंच दिसते."

"बारीक माणूस उंच दिसतंच." बाबांनी टेप गुंडाळून ठेवला. "आणि तू गेलीस तर काज-बटणं कोण करणार, बुटके?"

तिनं काय काय नाही केलं! दाराला दांडा लावून हात सुजेपर्यंत लोंबकळली. उशी सोडली. जाहिरातीतल्या पावडरी दुधातून प्यायली. चालायला ती इतकी सुरेख शिकली की गल्लीतून जाताना लोक थबकून बघायचे. पण माप घेतलं की पासष्ट. तिला आपल्याच पायांचा राग यायला लागला. न्हाणीघरात नळ सोडून ती रडायची, आणि बाहेर बाबा मशीन जरा जोरात चालवायचे.

चोविसाव्या वाढदिवसानंतर फॉर्म भरायलाही वय उरलं नाही. उंच टाचांच्या चपला तिनं माळ्यावर टाकल्या आणि दुसऱ्या मशीनवर येऊन बसली. दिवस काज-बटणांत जायचा. आरशासमोर ती फक्त गिऱ्हाइकांना उभं करायची. आपलं आयुष्य दोन इंचांनी हुकलं, हे तिनं मान्य करून टाकलं होतं. त्यात कुणाचा काय दोष?

अशी नऊ वर्षं गेली. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला निघाले तेही गळ्यात टेप घालूनच. नर्सनं काढायला लावला असेल.

त्याच दुपारी पलीकडच्या शाळेतल्या बाई पायघोळ गाऊन शिवायला आल्या. टेप मिळेना, म्हणून तिनं ड्रॉवर उघडला. खांद्यापासून घोट्यापर्यंत चोपन्न. वहीत लिहिलं, टेबलाच्या पट्टीवर चोपन्न मोजलं आणि कात्री चालवली.

आठवड्यानं बाई गाऊन घालून दारात उभ्या. "अहो, हा तर वर चढलाय!"

ती चक्रावली. आजवर तिचं एक माप चुकलं नव्हतं. गाऊन पट्टीवर धरला. बरोब्बर चोपन्न. बाबा डोळ्याला हिरवी पट्टी बांधून मशीनपाशी बसले होते. तिनं त्यांच्या गळ्यातला पिवळा टेप ओढून घेतला आणि बाईंना पुन्हा मोजलं.

छप्पन्न.

"दोन इंच आखूड केलात की!" बाई म्हणाल्या.

तिनं ड्रॉवरमधला टेप आणून पिवळ्याशेजारी टेबलावर पसरला. सुरुवातीची टोकं जुळवली. शेवटची जुळेनात. जुना आहे, ताणला असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं. "तू टेप कुठला घेतला होतास?"

टेपच्या मधले आकडे कुणी वाचत नाही. शेवटाला काय येतं तेवढंच लोक बघतात. आज तिनं पहिल्यापासून, एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचायला घेतलं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आणि मग, मध्ये एकही टाका न दिसता, पुन्हा एकोणचाळीस, चाळीस.