शेजारची सीट

सीटबेल्टचा पट्टा खटकन बसला आणि सुळकन निसटून तिच्या मांडीवर येऊन पडला. तिसऱ्यांदा.

"बघितलंत?" तिने खिडकीतून मान बाहेर काढली. "याचं माझ्याशी पटतच नाही."

वर्कशॉपच्या मॅनेजरबाईंनी हसू गिळलं. त्यांच्या हातातल्या कागदावरची यादी आज बरीच लांबली होती. पुढच्या डाव्या सीटचा पट्टा धरत नाही. त्याच बाजूच्या एअरबॅगचा लाल दिवा विझत नाही. आणि आज सकाळी तर ऐन चौकात ब्रेकचं पेडल मऊ होऊन तळालाच गेलं. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. गाडी घरी येऊन अजून वीस दिवससुद्धा झाले नव्हते.

"काकू, उतरा आता. ही गाडी काही मी रस्त्यावर सोडायची नाही. कंपनी बदलून देतेय, नवी कोरी. फक्त दहा आठवडे लागतील."

"दहा आठवडे," तिचा नवरा म्हणाला.

तो बॉनेटपाशी हात मागे बांधून उभा होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, तेव्हा साहेब बाहेर येईपर्यंत असाच उभा राहायचा. वाट बघण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं.

"अहो काका, दहा आठवडे म्हणजे काय, असे जातील!" मॅनेजरबाईंनी चुटकी वाजवली.

नवऱ्याच्या लायसन्सची मुदत या महिनाअखेर संपत होती, आणि पुढच्या तपासणीत त्याचे डोळे पास होणार नव्हते. समोरचं लख्ख दिसायचं, पण कडेचं हळूहळू पुसलं जात होतं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं. म्हणून तर घाईघाईने गाडी घेतली. महिनाभर का होईना, स्वतःची.

गल्लीत तिला सगळे ड्रायव्हरीणबाई म्हणायचे. आणि ही ड्रायव्हरीणबाई जन्मात कधी नवऱ्याच्या गाडीत बसली नव्हती! तो गल्लीच्या तोंडावरून जायचा तेव्हा मागे साहेब असायचे, नाहीतर साहेबांची बायको, पोरंबाळं, पाहुणे. एकदा तर साहेबांचा कुत्रा पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी ऐटीत बसून हवा खात गेला. ही बसथांब्यावर, हातात भाजीची पिशवी. त्या दिवशी तिला खरंच रडू आलं होतं. कुत्र्याचा हेवा वाटतो हे सांगणार तरी कुणाला?

स्वतःची गाडी दाराशी आली तेव्हा त्याने सवयीने मागचं दार उघडलं आणि किंचित वाकून उभा राहिला. तीही महाराणीसारखी आत जाऊन बसली. मग चूक लक्षात आली आणि दोघं पोट धरधरून हसले. ती उतरून पुढे आली, पट्टा ओढला, आणि तो निसटला.

"पट्टा नाही तर पुढे नाही," तो म्हणाला. "एकतीस वर्षांत मी कुणाला तसं बसवलेलं नाही."

"आणि तो कुत्रा?"

"त्यालाही पट्टा होता."

तेव्हापासून ती मागेच. तो आरशात बघून विचारायचा, "कुठे घेऊ?" आणि ती आरशालाच सांगायची, बाजारात घ्या, दवाखान्यात घ्या. एकदा म्हणाली, "मला तुमच्या शेजारी बसायचंय हो." आरशातले डोळे हसले आणि पुन्हा रस्त्याकडे वळले.

"काकू?" मॅनेजरबाईंनी दार उघडून धरलं.

ती हलली नाही. "पाच मिनिटं बसू द्या. आणि यांनाही आत येऊ द्या. किल्ली नको आम्हाला."

"इथे? अहो, समोर नुसती भिंत आहे."

"असू दे."

मॅनेजरबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग, "मी कागद तयार करून आणते," असं म्हणून त्या निघून गेल्या. आणि चांगल्या सावकाश गेल्या.

तो आत येऊन बसला. सीट दोन बोटं पुढे ओढली. खिशातून रुमाल काढून स्टिअरिंग पुसलं, शर्टाची कॉलर सारखी केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि वर आरशात बघितलं.

"कुठे घेऊ?"

आरशात मागची सीट रिकामी होती. तिची छत्री तेवढी तिथे पडली होती. तो गोंधळून बघतच राहिला.

"अहो, इकडे," ती म्हणाली.

त्याने डोळे डावीकडे वळवले, पण तेवढ्याने भागेना. मग मान वळवली. मग खांदाही वळवला, पार तिच्या बाजूला, तिचा पूर्ण चेहरा समोर येईपर्यंत.

"हां," तो म्हणाला. "आता दिसलीस."

तिने मांडीवरचा पट्टा उचलला, छातीवरून आडवा ओढून घेतला आणि जिथे तो बसायला हवा होता तिथे हाताने घट्ट दाबून धरला.

"घ्या," ती म्हणाली. "लांबच्या रस्त्याने घ्या."